जनरल सोखी आणि रक्तातली रोकड

हाफकिन हे नाव मुंबईकराला समजावून सांगावे लागत नाही. पण परळच्या आचार्य दोंदे मार्गावरच्या त्या जुन्या वास्तूत सतरा वर्षे ज्याने राज्य केले, त्या माणसाचे नाव विचारा. दहांतले नऊ जण मान हलवतील. मेजर जनरल सर साहिबसिंग सोखी. एके काळी मुंबईच्या वर्तमानपत्रांत हे नाव वारंवार येत असे. प्लेगची लस म्हटली की कर्नल सोखी, औषधांच्या किमतींचा वाद निघाला की कर्नल सोखी. जनरल ते पुढे झाले.

माझा त्यांच्याशी संबंध काय? तसा काहीच नाही. मी बँकेतला माणूस. नोकरीची सात वर्षे परळच्या शाखेत काढली. के.ई.एम.चे वॉर्डबॉय, टाटा हॉस्पिटलच्या परिचारिका, गिरण्यांतले जॉबर आणि हाफकिनमधले प्रयोगशाळा साहाय्यक अशी आमची गिऱ्हाइके. त्यांतल्या एका निवृत्तीला आलेल्या साहाय्यकाच्या तोंडून मी सोखींचे नाव पहिल्यांदा ऐकले. बँकेतून सुटल्यावर कादंबऱ्या लिहिल्या, आणि कादंबरीकाराला एकदा माणूस दिसला की तो डोक्यातून जात नाही. सोखी तसे राहिले. त्यांच्याबरोबर एक औषधही राहिले. ते औषध रक्तात शिरल्यावर काय करते, हे कळायला मात्र मला पुष्कळ वर्षे लागली.

सोखी पंजाबातले. जन्म १८८७ चा, अमृतसरचा. एडिंबरोला डॉक्टरी शिकले, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरले आणि पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून वावरले. इथपर्यंतची कहाणी त्या काळच्या कुठल्याही हुशार आणि सधन घरातल्या मुलाची असावी तशीच. वेगळेपण सुरू होते ते युद्धानंतर. शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिका-कॅनडात गेले आणि टोरांटोच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. इन्शुलिनचा शोध तिथे १९२१-२२ साली नुकताच लागला होता. रक्तातल्या साखरेचे मोजमाप करायचे, इन्शुलिनचे प्रमाण ठरवायचे, प्रत्येक नमुन्याची ताकद प्राण्यांवर तपासायची, असे तिथले वातावरण. औषध चांगले की वाईट हे वैद्याच्या हातगुणावर न सोडता आकड्यात पकडायचे, हे वळण सोखींना तिथे लागले असावे, असे मला वाटते.

१९२५ साली ते परळला आले. त्याच वर्षी त्या संस्थेला हाफकिनचे नाव मिळाले. त्याआधी ती वास्तू मुंबईच्या गव्हर्नरांचा राजवाडा होती. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथे पटकीने वारल्या आणि गव्हर्नरांचे मन त्या घरातून उडाले. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला. हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्याची प्रयोगशाळा या रिकाम्या राजवाड्यात आली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली, हाफकिनवर किटाळ आले आणि ते धुऊन निघायला पाच वर्षे गेली. दोष लशीचा नव्हता, एका बाटलीत शिरलेल्या घाणीचा होता. पण बाटलीत नेमके काय आहे हे सिद्ध करता आले पाहिजे, हा धडा त्या वास्तूच्या भिंतींना कायमचा चिकटला.

१९३२ साली सोखी संचालक झाले. या पदावरचे ते पहिले हिंदी. संस्थेत त्यांनी पोषण, औषधशास्त्र, रसायन असे विभाग वाढवले आणि तरुण हिंदी शास्त्रज्ञ गोळा केले. स्वतः मात्र प्लेगच्या मागे लागले. जंतू किती जहाल, लस किती गुणकारी, याचा हिशेब त्यांनी उंदरांवर मांडला. एकाच जातीचे, एकाच वजनाचे, संस्थेतच पैदास केलेले उंदीर घ्यायचे, मोजून जंतू टोचायचे, किती जगले आणि किती मेले ते लिहायचे. वाचायला कंटाळवाणे आहे हे सगळे. मी त्यांचे १९३९ चे निबंध चाळले आहेत. पानोपानी तक्ते. पण एका बँकवाल्याला त्यात जी मजा आली ती साहित्यिक मित्रांना समजावून सांगता येत नाही. या माणसाला दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास नव्हता. आकड्याच्या मागे खरी रोकड आहे का, हे त्याला हवे होते.

आता औषधाकडे वळतो. १९३५ साली जर्मनीतल्या डोमाक यांनी प्रॉन्टोसिल नावाच्या लाल रंगाचे गुण जगापुढे मांडले, आणि लवकरच पॅरिसच्या मंडळींनी दाखवले की खरे काम करतो तो त्यातून सुटणारा सल्फानिलामाइड हा साधा पदार्थ. मग सल्फाच्या औषधांची रांगच लागली. पेनिसिलिन अजून बाजारात यायचे होते. तोवर सूतिकाज्वराने, न्यूमोनियाने मरणाऱ्यांना या गोळ्यांनी परत आणले. सोखींनी विचारले, प्लेगचे काय? त्यांच्याबरोबर होते डॉ. भा. बा. दीक्षित, जे पुढे १९५६ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. रसायनशास्त्रज्ञ के. गणपती औषधे बनवीत होते, आणि रोग्यांची बाजू सांभाळायला डॉ. पी. एम. वागळे होते. उंदरांवर सल्फाथायझोल उजवे ठरले. १९४० आणि ४१ साली त्यांनी ते जाहीर केले, रोग्यांनाही दिले. गाठीच्या प्लेगचे जे रोगी पूर्वी देवाच्या हवाली करायचे, त्यांतले पुष्कळ जगू लागले. ज्या रोगाने या देशातली एक कोटीहून अधिक माणसे नेली, त्यावर पोटात घेण्याची गोळी मिळाली, ही केवढी गोष्ट होती याची आज कल्पना येत नाही. रक्तात जंतू फार पसरले असतील तर मात्र तिचे कमी चालत असे. तिथे पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले.

पण ही गोळी देणे सोपे नव्हते. दर चार तासांनी द्यायची, रात्रीही रोग्याला उठवून द्यायची, कारण मूत्रपिंडे ती भराभर बाहेर टाकत. वर पाणी आणि सोडा भरपूर पाजायचा, नाहीतर मूत्रपिंडात तिचे खडे होत. त्याच सुमारास या औषधांचे रक्तातले प्रमाण मोजण्याची सोपी रीत निघाली होती. रक्ताच्या नमुन्यात दोन-तीन रसायने घातली की गुलाबी रंग उतरतो. रंग जितका गडद तितके औषध जास्त. कुठल्याही सामान्य इस्पितळात जमावे असे हे औषध मोजण्याचे तंत्र जवळपास पहिलेच.

आणि मोजायला लागल्यावर कोडी पडू लागली. सल्फाथायझोल घेतलेल्या रोग्याच्या रक्तात औषध भरपूर, पण मेंदू आणि कण्याभोवतीच्या पाण्यात ते फारच थोडे. सल्फानिलामाइडचे असे होत नसे, ते सगळीकडे सारखे पसरे. मेंदूज्वराच्या रोग्याला द्यायचे तर हा फरक जीवनमरणाचा. उत्तर दिले अमेरिकेतल्या बर्नार्ड डेव्हिस या तरुण डॉक्टरने, १९४२ आणि ४३ साली. सल्फाथायझोलचा बराचसा भाग रक्तातल्या प्रथिनांना धरून बसलेला असतो, असे त्याने दाखवले. प्रथिनाचा रेणू मोठा, केशवाहिनीच्या भिंतीतून तो सहसा सुटत नाही. त्याला चिकटलेले औषधही मग आतच राहते. बाहेर जातो तो मोकळा भाग. जंतूंवर काम करतो तोही मोकळाच, आणि मूत्रपिंड गाळून टाकते तेही मोकळेच. गुलाबी रंग मात्र दोन्ही मिळून सांगतो.

हे वाचले तेव्हा मला आमची स्ट्राँगरूम आठवली. शाखेत रोकड किती, असे विचारले तर कॅशियर आकडा सांगतो. त्यातली बहुतेक आत लोखंडी दाराच्या मागे असते. गिऱ्हाइकाचा चेक वटतो तो काऊंटरच्या गल्ल्यातल्या नोटांतून. गल्ला रिकामा होऊ लागला की आतून आणून भरतात, जास्त झाला की आत ठेवतात. रक्तात हा व्यवहार क्षणाक्षणाला आपोआप चाललेला असतो. बंध कच्चे असतात, सुटतात आणि पुन्हा जुळतात. मोकळे औषध खर्च झाले की बांधलेल्यातले काही मोकळे होते. तिजोरी अडचण करते तशी सोयही करते. सल्फाडॉक्सिन नावाचे नात्यातलेच एक औषध हिवतापावर एकाच मात्रेत देत. त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनाला धरून असल्याने ते कित्येक दिवस शरीरात टिकते.

ही तिजोरी म्हणजे मुख्यतः अल्ब्युमिन. यकृत ते तयार करते, रोज दहा-पंधरा ग्रॅम. रक्तरसाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण चार ग्रॅम असते. एक रेणू सुमारे तीन आठवडे टिकतो. ५८५ अमिनो आम्लांची ही साखळी अशी दुमडलेली असते की तिच्यात खोबणी तयार होतात. औषधांच्या उपयोगाच्या त्यांतल्या दोन मोठ्या. तेलकट वळणाच्या, किंचित आम्ल स्वभावाच्या औषधांना त्या खोबणी आवडतात. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन ९९ टक्के तिथे जाऊन बसते. फिटवरचे फेनिटॉइन ९० टक्के. पॅरासिटामॉल मात्र बहुतेक मोकळेच फिरते, आणि लिथियम अजिबात बसत नाही. अल्ब्युमिन हे औषधांसाठी मुळीच केलेले नाही. स्निग्धाम्ले आणि शरीरातला कचरा वाहून न्यायची हमाली हे त्याचे खरे काम. औषधे बिनतिकिटाची गाडीत चढतात एवढेच.

कचरा म्हणताना मला १९५६ ची न्यूयॉर्कची हकीकत सांगितलीच पाहिजे. अपुऱ्या दिवसांच्या सुमारे १९० बालकांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दोन गटांत दोन प्रकारची औषधे दिली. एका गटात पेनिसिलिनबरोबर सल्फा होते. त्या गटात कितीतरी जास्त बाळे दगावली, आणि त्यांच्या मेंदूत पिवळा रंग उतरलेला दिसला. नवजात बाळाला कावीळ होते हे आपल्या आयांना ठाऊक असते. तो पिवळा पदार्थ, बिलिरुबिन, अल्ब्युमिनला धरून असतो म्हणून मेंदूला इजा करीत नाही. सल्फाने त्याची जागा बळकावली. मोकळे झालेले बिलिरुबिन थेट मेंदूत गेले. औषध चांगले, मात्रा बेताची, हेतू निर्मळ, आणि तरी हे झाले. तेव्हापासून नवजात बाळांना सल्फा देणे डॉक्टर टाळतात.

याचे एक टोक आमच्याही घरात पोचले. माझे थोरले बंधू गिरगावातल्या आमच्या चाळीतच राहत. फिटसाठी ते वीस वर्षे फेनिटॉइन घेत होते आणि त्यांचे ठीक चालले होते. साठीत मूत्रपिंडे बिघडली, लघवीतून प्रथिने जाऊ लागली, रक्तातले अल्ब्युमिन उतरले. रक्त तपासले तर फेनिटॉइनचा आकडा नेहमीपेक्षा कमी. एका डॉक्टरांनी गोळी वाढवली. आठवड्याभरात दादांचे पाय लटपटू लागले, एकाचे दोन दिसू लागले, जिन्यावर ते भिंत धरून चढू लागले. वहिनींना वाटले, अर्धांग. दुसऱ्या एका इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकूण आकडा कमी होता, कारण तिजोरीच लहान झाली होती. गल्ल्यातली रोकड पूर्वीइतकीच होती, आणि गोळी वाढवल्यावर ती दुप्पट झाली. जुनी मात्रा पुन्हा सुरू झाली आणि दादा पंधरा दिवसांत एकटे खाली येऊन पेपर आणू लागले.

घाबरवण्याचा हेतू नाही. एके काळी पुस्तकांत लांबलचक तक्ते छापत, हे औषध त्याला हुसकावते, ते याला. बहुतेक औषधांच्या बाबतीत ही भीती अवाजवी होती, हे आता कळले आहे. हुसकावलेले औषध मोकळे झाले की यकृत किंवा मूत्रपिंड ते लवकर काढून टाकते आणि गाडे पुन्हा रुळावर येते. सांभाळायचे ते वॉरफरिन, फेनिटॉइन यांसारख्या थोड्यांना, आणि अल्ब्युमिन उतरलेल्या रोग्यांना. यकृताचे, मूत्रपिंडाचे आजारी, भाजलेले, उपासमारीतले, दिवस गेलेल्या बायका यांत येतात. घरातली कुणी अशी व्यक्ती असेल तर डॉक्टरांना अल्ब्युमिनचा कागद दाखवायला हरकत नाही. स्वतःच्या मनाने मात्रा मात्र कमी-जास्त करू नये.

सोखींना आपण इथे जरा मागे सोडले. त्यांच्या घराकडे गेल्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही. त्यांच्या पत्नी लीला रॉय, बंगाली पिता आणि इंग्रज माता यांची मुलगी, व्हायोलिन शिकलेल्या. त्यांनी कथक हाती घेतले आणि मेनका या नावाने जग गाजवले. चांगल्या घरची बाई रंगमंचावर नाचते हे तेव्हाच्या समाजाला पचणारे नव्हते. लष्करी डॉक्टर नवरा मात्र तिच्या पाठीशी उभा राहिला. मेनकाबाईंच्या संचाने १९३६ ते ३८ या काळात युरोप पालथा घातला, बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत नाव मिळवले. खंडाळ्याला त्यांनी नृत्यशाळा काढली. या दांपत्याचे मूल गेले होते. संचात एक मराठी मुलगी होती, दमयंती जोशी. सोखींना ती दत्तक हवी होती. तिच्या आई वत्सलाबाई मूल द्यायला तयार झाल्या नाहीत. शेवटी तिघांनी मिळून तिला वाढवायचे ठरले. सोखींनी ही तडजोड मानली, यात मला त्या करड्या माणसाचा मोठेपणा दिसतो. मेनकाबाई १९४७ साली गेल्या. दमयंतीबाई पुढे कथकच्या थोर कलावंत झाल्या, २००४ पर्यंत होत्या.

युद्धाच्या काळात बोटींची ये-जा अडली, औषधे दुर्मिळ झाली. सोखींनी सल्फाथायझोल परळातच बनवून दाखवले. याच टप्प्यावर त्यांचे शास्त्र आणि राजकारण एकमेकांत मिसळले. विलायती कंपनीच्या गोदामात औषध आहे याचा खेड्यातल्या रोग्याला काय उपयोग, हा त्यांचा सवाल होता. मला इथे पुन्हा स्ट्राँगरूम आठवते. १९३८ साली काँग्रेसने नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. तिच्या आरोग्य उपसमितीचे सोखी अध्यक्ष होते. सरकारी पगार घेणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने काँग्रेसच्या समितीवर बसणे, हे धाडसच. दर हजार माणसांमागे एक शिकवून तयार केलेला आरोग्यसेवक असावा, असे त्या समितीने सुचवले. सरकारने तरीही १९४६ साली त्यांना सर केले.

१९४९ साली ते हाफकिनमधून निवृत्त झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्यक महासंचालक म्हणून जिनिव्हाला गेले. तिथे दोन वर्षे राहिले. १९५२ ते ५६ राज्यसभेचे नियुक्त सभासद होते. १९५३ साली त्यांना सोव्हिएत रशियाचे स्टालिन शांतता पारितोषिक मिळाले आणि मुंबईतल्या पुष्कळ सभ्य दिवाणखान्यांत त्यांच्याबद्दल कुजबूज सुरू झाली. त्यांची रशियाभक्ती मला पटत नाही. तिथल्या तुरुंगांकडे त्यांनी पाहिले नाही असेच म्हणावे लागते. पण पेनिसिलिन आणि सल्फा देशातच, सरकारी कारखान्यात व्हावे या त्यांच्या हट्टात खोट काढणे कठीण आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. औषधनिर्मितीसाठी सोव्हिएत मदत घ्यावी म्हणून ते नंतरही भांडत राहिले.

१९७१ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी सोखी वारले. अल्ब्युमिनच्या त्या दोन खोबणींचा उलगडा १९७५ साली झाला, आणि रेणूचे संपूर्ण चित्र १९९२ मध्ये निघाले. सल्फाथायझोलच्या गोळ्या तोवर दुकानांतून नाहीशा झाल्या होत्या. १९९४ साली सुरतेत प्लेगची आवई उठली, तेव्हा लोकांनी केमिस्टच्या दारात रांगा लावल्या त्या टेट्रासायक्लिनसाठी. औषध देशात तयार होत होते, आणि ते मिळाले.